पैलतीर निर्मनुष्य

१

आधीच सांगते, मी घाबरट नाही, चिडखोर आहे. गेल्या महिन्यात जे झालं, त्यातला बहुतेक वेळ मी चिडलेलीच होते. चिडलेल्या माणसाला आजूबाजूचं नीट दिसत नाही, असं बाबा म्हणतात. असेल. पण मला जे दिसलं ते दिसलं.

काम साधं होतं. नदी जंगलातून येते, एका सपाट खडकापाशी वळते आणि वळणावर तिचा डोह होतो. दोन्ही काठांना दाट झाडी. नदी प्रकल्पाच्या कार्यालयाला त्या जागेचे तीस फोटो हवे होते. सलग तीस सकाळी, त्याच खडकावरून, त्याच वेळी. पुस्तिकेसाठी, असं मला सांगितलं होतं.

"शांत नदी पाहिजे, मॅडम," साहेब म्हणाले होते. "बघणाऱ्याला जांभई आली पाहिजे."

शांत नदीची एक युक्ती असते. मी रोज सातला खडकावर ट्रायपॉड उभा करायची, कॅमेऱ्याच्या भिंगापुढे जवळजवळ काळी अशी काच लावायची आणि चार मिनिटं शटर उघडं ठेवायची. त्या काचेतून उजेड थेंबाथेंबाने आत येतो. तेवढ्या वेळात जे जागचं हलत नाही तेच उमटतं. लाटा, पाखरं, वाऱ्यावरची पानं, सगळं पुसलं जातं. पाणी इस्त्री केलेल्या चादरीसारखं दिसतं. त्या चार मिनिटांत नावाडीकाका होडी घेऊन माझ्या समोरून जायचे, पण फोटोत होडी नाही आणि काकाही नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. "मी कुठाय?"

"जे हलतं ते जातं, काका."

"हे आमच्या बायकोला सांगा. ती म्हणते हा माणूस जागचा हलतच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "नाव काय देणार या फोटोला?"

"शांत नदी."

"काहीतरीच तुमचं, ताई. माणूस शांत झाला म्हणजे काय झालं, ठाऊक आहे ना? चांगल्या वाहत्या नदीला कशाला तसलं म्हणता?"

मी हसले. मला तो विनोद वाटला.

पलीकडच्या काठावर, होडीच्या धक्क्याशेजारी, काकांची मोठी बहीण बसलेली असायची. तिला सगळे अक्का म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली. तेव्हापासून काका तिला रोज सकाळी उचलून लाल प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवत आणि ऊन डोक्यावर आलं की परत नेत. त्यांची सात घरं मागे झाडीत होती, खडकावरून दिसत नसत. दिसायची ती एकटी अक्का. ती हलत नसे, म्हणून माझ्या प्रत्येक फोटोत ती होती. हिरव्या काठावर एक ठळक लाल ठिपका. मला तो आवडायचा. तो होता म्हणून ती नदी कुणाची तरी वाटायची.

२

पहिले आठ फोटो घेऊन मी कार्यालयात गेले. साहेबांनी सगळे टेबलावर मांडले आणि प्रत्येकातल्या त्या एका जागेवर पेनाचं टोक टेकवलं.

"हे काय आहे?"

"अक्का."

"हा ठिपका काढून टाका. संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे."

"ठिपका नाही तो. माणूस आहे."

"मॅडम, पुस्तिकेत निसर्ग पाहिजे."

त्यांच्या कोपराखाली एक फाईल होती. तिच्यात मी नमुना म्हणून आधी पाठवलेला पहिल्या दिवसाचा फोटो टाचलेला, आणि खाली टंकलेली ओळ: 'पैलतीर निर्मनुष्य असल्याचे सलग पाहणीत आढळून आले.' खाली सहीची जागा मोकळी होती.

पुस्तिका नव्हतीच, किंवा असली तरी नावाला. डोहाच्या खालच्या अंगाला नदीवर बांध येणार होता. त्या काठावर माणसं राहतात असं ठरलं, तर पाणी अडवायच्या आधी त्यांना दुसरीकडे घरं बांधून द्यावी लागणार होती. नाही ठरलं, तर नुसतं पाणी चढणार होतं.

"सात घरं आहेत तिथे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. बाहेरचा शिपाई डोकावला.

"झाडीत आहेत. कागदोपत्री त्यांची नोंद हंगामी आहे. पाहणीचा नियम सांगतो की ठरलेल्या जागेवरून तीस दिवस जे दिसेल ते धरायचं." साहेब वाईट वाटून घेतल्यासारखे हसले. "आणि दिसतंय ते तुमच्याच फोटोत, मॅडम. होडीसुद्धा नाही. आमच्या माणसाने साध्या कॅमेऱ्याने काढले असते तर होडी आली असती. तुमचं काम खरंच सुरेख आहे."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी एवढं म्हणाले, की ठिपका मी काढणार नाही. उरलेले बावीस फोटो तसेच काढीन आणि बावीसही फोटोंत अक्का असेल. तिला कसं निर्मनुष्य म्हणता तेच बघते.

शटर चार मिनिटं उघडं ठेवायची हौस मात्र माझीच होती. घरी येईपर्यंत मला त्याचाही राग आला होता.

३

चौदाव्या दिवशी साहेबांचा फोन आला. "ऐकलंत, बरं केलंत. नववा आणि त्याच्या पुढचे सगळे अगदी स्वच्छ आलेत."

मी फोटो काढून रोज रात्री पाठवून देत होते. राग असा, की नीट बघतही नव्हते. आता बघितले. लाल ठिपका नव्हता. अक्का त्या सगळ्या सकाळी तिथे होती. मी खडकावरून तिला हात केला होता.

घरी मी नवव्या फोटोची मोठी प्रत काढून टेबलावर ठेवली आणि चहा करायला आत गेले. परत आले तेव्हा बाबा त्यावर वाकले होते, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावून.

बाबांचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, स्थळांसाठीचे फोटो. आई असताना म्हणायची की हा माणूस माझ्याशी लग्नात बोलला तो, मग आयुष्यभर लोकांना 'हलू नका' एवढंच म्हणाला. पण त्यांची खरी ख्याती हात फिरवण्यात होती. तीन केसांचा ब्रश आणि रंगाच्या सात बाटल्या. एका मुलीच्या हनुवटीवरचा मस त्यांनी असा घालवला होता, की लग्न झाल्यावर मुलाकडचे फोटो घेऊन भांडायला आले होते.

"इथे हात फिरवलाय," बाबा म्हणाले.

"कुणी?"

"ते तू सांग. काम उत्तम आहे. मी इतकं उत्तम कधी केलं नाही."

"मी काही केलेलं नाही!"

"खुर्ची काढलीस ते समजलं. पण खुर्चीच्या मागचं कुठून आणलंस?" त्यांनी मला भिंग दिलं. खुर्चीच्या जागी गवत होतं, आणि गवतात एक बुटका, वाकडा, तुटका बुंधा. त्याच्यावर पांढरी अळंबी होती. एक, दोन, तीन. "तू कधी बघितलंयस का तिच्या मागे काय आहे ते?"

मला संताप आला. मी, जी ठिपका काढायचा नाही म्हणून साहेबांशी भांडले, तिला घरात हे ऐकावं लागावं! "तुमच्यासारखं खोटं करत नाही मी," मी म्हणाले. "लोकांचे तीळ आणि मस पुसून त्यांना गोंडस करायचं, हे तुमचं काम होतं. माझं नाही."

बाबांनी माझ्या हातातून भिंग घेतलं, रुमालाने पुसलं, डबीत ठेवलं.

४

दुसऱ्या दिवशी मी काळी काच काढून टाकली. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात फोटो घेतला. त्यात होडी आली, काका आले, वल्ह्यावरून उडालेले थेंब आले. खुर्ची आली नाही. कॅमेऱ्यातून डोळा काढला की अक्का समोर. डोळा लावला की गवत आणि बुंधा. मी भिंग बदललं. कॅमेरा बदलला, बाबांचा जुना आणला. मला हे एखाद्या यंत्राच्या माथी मारायचं होतं. यंत्राशी भांडता येतं.

मग मी काकांना म्हटलं, मला पलीकडे सोडा.

"अक्का कशी आहे?" मी होडीत विचारलं.

"बरी असेल की."

"असेल म्हणजे? सकाळी तुम्हीच उचलून आणता ना?"

काका वल्हं थांबवून विचार करायला लागले. होडी थोडी तिरकी झाली. "आणतो," ते म्हणाले. "आणतोच की. सवयीचं काम आहे, लक्षात राहत नाही."

धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी खांद्यावरचा ओला टॉवेल पिळला, झटकला आणि वाळत घातला. लाल खुर्चीवर. म्हणजे अक्काच्या अंगावर. अर्धा तिच्या खांद्यावर, अर्धा तोंडावर. वर दोन्ही टोकं ओढून नीट सारखा केला आणि शीळ घालत होडी बांधायला वळले.

टॉवेलच्या कडेखालून अक्काचा डावा डोळा माझ्याकडे बघत होता.

"काका!" मी अशी ओरडले की झाडातली पाखरं उठली. "लाज नाही वाटत?"

ते दचकले. खुर्चीकडे बघू लागले. त्यांची नजर तिथे पोचत होती आणि घसरत होती, शेवाळावर पाय घसरावा तशी. मी टॉवेल खेचून काढला. मग कुठे, फार जोर लावल्यासारखे डोळे बारीक करून ते म्हणाले, "अरेच्चा. अक्का, तू इथेच होय?" आणि हसले. त्या हसण्यात भीती होती.

मी खुर्चीच्या मागे जाऊन बघितलं. गवत होतं. बुटका, वाकडा बुंधा होता. तीन पांढरी अळंबी होती.

अक्काचं बोलणं अर्ध्या तोंडातून यायचं. मी तिच्यापुढे उकिडवी बसले.

"तूच ना ती?" अक्का म्हणाली. "रोज त्या काळ्या काचेतून बघणारी?"

"हो."

"काय नाव दिलंस म्हणे फोटोला? शांत?" तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "मी काय नदी आहे का गं, शांत व्हायला?"

आजवर माझ्यावर पुष्कळ लोक चिडले आहेत. इतकं बरोबर कुणी चिडलं नव्हतं.

५

साहेबांना मी खडकावर आणलं. कसं, ते विचारू नका. तीन दिवस त्यांच्या दारात बसले आणि शेवटी तुम्ही घाबरता का, असं सगळ्यांसमोर विचारलं. अठ्ठाविसाव्या सकाळी ते प्रकल्पाच्या जीपमधून आले, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडांवरून उड्या मारत.

सकाळ स्वच्छ होती. डोहात एक लाट नव्हती. मला काळ्या काचेची गरजही पडली नसती.

"दाखवा," साहेब म्हणाले.

"ती काय. धक्क्याच्या उजवीकडे. लाल खुर्ची."

त्यांनी बघितलं. मी बोट रोखून धरलं होतं, त्यांनी त्या बोटाच्या रेषेत डोकं आणून बघितलं. चष्मा काढून पुसून पुन्हा बघितलं. अक्काने डावा हात वर केला. लुगड्याचा पदर वाऱ्यावर हलला.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तिथे एक तुटका बुंधा आहे. त्याला म्हणताय का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलणारा माणूस मला ओळखता येतो, निदान साहेब तरी. ते खोटं बोलत नव्हते. मनापासून शोधत होते. ते खोटं बोलत असते तर मला फार बरं वाटलं असतं.

"तुम्ही दमला आहात," ते म्हणाले. जाताना त्यांनी माझ्यासाठी जीपचं दार उघडून धरलं. मी बसले नाही. परवा तिसावा फोटो झाला की अहवालावर सही होणार होती.

६

तिसाव्या सकाळी मी स्वतःच फोटोत जायचं ठरवलं.

हिशेब सरळ होता. मी, एक धडधाकट, शिकलेली, ओळखपत्र असलेली बाई. खुर्चीशेजारी अक्काचा हात धरून चार मिनिटं न हलता उभी राहीन. मला तर कुणी निर्मनुष्य म्हणू शकत नाही. आणि माझ्या हातात जो हात आहे, त्याच्या पलीकडे कुणी नाही असंही म्हणता येणार नाही.

काकांनी मला पलीकडे सोडलं आणि खडकावर कॅमेऱ्यापाशी परत गेले. बटण कुठलं ते त्यांना चार वेळा दाखवलं होतं. त्यांनी ते दाबलं आणि ठरल्याप्रमाणे हात वर केला.

मी मोजायला लागले. एक. दोन. अक्काचा डावा हात कोमट होता, हाडं पाखराची असावीत तशी. समोर डोह, पलीकडे खडक, खडकावर तीन पायांचा कॅमेरा, शेजारी काका. तीस एकदम निवांत गेले. साठपर्यंत काकांनी दोनदा मान खाजवली.

नव्वदच्या सुमाराला त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

ते काठ बघत होते. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. त्यांची नजर माझ्यावरून गेली. मला ती जाताना कळली, अंधारात कुणी शेजारून गेल्यावर कळतं तशी.

"ताई?" त्यांची हाक पाण्यावरून आली.

मला उत्तर देता येत नव्हतं. हललं की जातं. एकशे वीस. एकशे एकवीस.

"ताई! अहो ताई! कुठे गेलात?"

"हलू नकोस," अक्का म्हणाली. की बाबा म्हणाले? नाही, अक्काच. माझा हात ज्या हाताने घट्ट धरला गेला होता, तो तिचा उजवा होता. तो कधी बदलला ते मला माहीत नाही. मी खाली बघितलं नाही. एकशे ऐंशी.

दोनशे चाळीस झाल्यावर मी दोन्ही हात हलवून ओरडले, "काका, इकडे!" पण ते कॅमेऱ्यापाशी नव्हते. ते होडीत होते, डोहाच्या मधोमध, आणि लांब बांबू पाण्यात घालून तळ चाचपत होते. ठिकठिकाणी. वाकून, रडवेल्या तोंडाने.

ते मला शोधत होते.

७

ते धक्क्याला लागल्यावर मी होडीत उतरले. होडी एका बाजूला दबली. काकांनी त्या दबलेल्या बाजूकडे बघितलं, डोळे बारीक करून, अगदी जोर लावून. मग मान फिरवली आणि भराभर वल्हं मारायला लागले. खडकावरचा कॅमेरा त्यांनी उचलला आणि तसेच आमच्या घरी आले. पूर्ण वाट मी त्यांच्या मागे होते, त्यांना नको नको ते बोलत. मला लाज वाटते त्याची. भला माणूस आहे.

"ताई दिसत नाहीत," त्यांनी बाबांना सांगितलं. "डोह सगळा बघितला."

बाबा रडले नाहीत. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो मोठा करून काढला. टेबलाशी बसले. दिवा खाली ओढला. डबीतून भिंग काढलं.

मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते. इस्त्री केलेलं पाणी. हिरवा काठ. गवत, बुंधा, तीन अळंबी. याहून शांत फोटो मी आयुष्यात काढलेला नाही.

"इथे दोघी होत्या," बाबा म्हणाले. त्यांचं बोट बरोबर जागेवर होतं. "काम उत्तम आहे. पण मला फसवता येणार नाही."

"सही कधी आहे त्या साहेबाची?" त्यांनी काकांना विचारलं.

"आज पाच वाजता."

"मी घेऊन जातो हा फोटो."

त्यांनी कपाट उघडलं. सात बाटल्या, तीन केसांचा ब्रश. ज्याला मी खोटं म्हटलं होतं, ते सगळं टेबलावर मांडलं. ब्रशचं टोक ओठांत धरून ओलं केलं, लाल रंगाला टेकवलं आणि श्वास रोखून गवतावर एक ठिपका ठेवला.

काका ओरडले, "अक्का!" खुर्चीतून उठलेच. "अहो, दुपारी तिला आत न्यायची राहिली. उन्हात बसली असेल." आणि चपला न घालता पळत गेले.

मी आणि बाबा राहिलो. बाबांनी ब्रश धुतला. दुसरा रंग घेतला, माझ्या निळ्या सदऱ्याचा. ब्रश कागदावर आणला आणि तिथेच थांबले. त्यांचा हात कधी थांबत नाही. इतक्या वर्षांत थांबलेला मी कधी बघितला नाही.

त्यांनी दाराकडे बघितलं. मग माझ्या रिकाम्या पलंगाकडे.

"किती उंच होतीस गं तू?" त्यांनी विचारलं.

"होतीस काय, बाबा?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले. "आहे! होते नाही, आहे!"

ब्रशच्या टोकावर निळा थेंब जमत होता. घड्याळात चार वाजून गेले होते. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या अगदी समोर दिव्याच्या उजेडात जाऊन उभी राहिले. मान सरळ ठेवली, हनुवटी वर, स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोला उभं राहतात तशी. आणि हलले नाही.